सर्व्हरचं ऑनबोर्ड लॅन कार्ड गायब: बोर्ड बदलायचा की अजून काही बघायचं?

कळमनावाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. कळमना मार्केटजवळ आमचं धान्याचं गोदाम आहे, त्याला लागूनच ऑफिस. ऑफिसात एक टॉवर सर्व्हर आहे. असेंबल केलेला, बोर्ड सुपरमायक्रोचा, झिऑन प्रोसेसर, वर उबंटू सर्व्हर २२.०४. बिलिंग आणि स्टॉक सगळं त्याच्यावर. मागे दोन लॅन पोर्ट बोर्डावरचेच आहेत (इंटेल आय३५०) आणि आयपीएमआयचा (सर्व्हर दुरून सांभाळायची सोय) एक वेगळा पोर्ट.

शनिवारी रात्री वादळ झालं. आपल्याकडचं मे अखेरचं वादळ कसं असते ते नागपूरकरांना सांगायला नको. आधी धूळ, मग कडकडाट, मग लाइन गेली. यूपीएसची बॅटरी आधीच थकलेली, तिनं मान टाकली आणि सर्व्हर बंद पडला. आता सर्व्हर चालू होतो, मॉनिटर लावला की लॉगिन येते, डेटा जागेवर आहे, पण नेटवर्क नाही. 'आयपी लिंक' मारलं की फक्त 'लो' (सर्व्हरचं स्वतःशीच बोलायचं आतलं कनेक्शन) दिसते. पोर्टचा लाइट लागत नाही. केबल बदलली, स्विचचा पोर्ट बदलला, काही फरक नाही.

हार्डवेअरवाला म्हणून राहिला की विजेनं लॅनचं चिप उडालं, बोर्डच बदलावा लागेल. आणि हा बोर्ड आता नवा मिळत नाही, वापरलेला दिल्लीहून मागवावा लागेल. बाहेरचं कार्ड लावून भागलं असतं, पण बिलिंग सॉफ्टवेअरचं लायसन्स या बोर्डाच्या मॅक ॲड्रेसला (लॅनच्या चिपचा ओळख क्रमांक) बांधलेलं आहे. मालाची आवक सुरू आहे आणि पावत्या हाताने फाडून राहिलो. बोर्ड मागवू का?

वऱ्हाडी_ठेका

थांबा ना राजेहो, इतक्यात कायले मागवता? आधी एक सांगा, सर्व्हरच्या खोलीत कूलर तं नाही लावला?

कळमनावाला

लावला आहे. एसी मालकाच्या केबिनमध्ये आहे.

वऱ्हाडी_ठेका

झालं मंग.

डीसी_रात्रपाळी

कूलरकडे नंतर येऊ. बोर्ड मागवायची घाई करू नका. कार्ड नेमकं कोणत्या पायरीवर हरवलंय ते आधी बघू, कारण प्रत्येक पायरीचा इलाज वेगळा आहे.

'एलएसपीसीआय -एनएन' चालवा, बोर्डाला जोडलेल्या कार्डांची आणि चिपची यादी येईल, त्यात 'इथरनेट' असलेली ओळ शोधा. शेवटी चौकोनी कंसात दोन आकडे असतात. पहिला कंपनीचा: ८०८६ म्हणजे इंटेल, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १०ईसी म्हणजे रिअलटेक. तुमचं आय३५० असेल तर ८०८६:१५२१ दिसायला हवं, आणि दोन पोर्ट आहेत म्हणून दोन ओळी, त्यांच्या सुरुवातीचा पत्ता .० आणि .१ ने संपणारा.

ओळ दिसली तर चिप जिवंत आहे आणि भांडण ड्रायव्हरशी आहे. तिथे 'एलएसपीसीआय -के' कोणता ड्रायव्हर लागलाय ते सांगतं. आय३५० आणि आय२१० ला आयजीबी, आय२१९ ला ई१०००ई, आय२२५-२२६ ला आयजीसी, ब्रॉडकॉम ५७२० ला टीजी३. जुन्या ब्रॉडकॉम ५७०९ ला बीएनएक्स२ लागतो आणि त्याची फर्मवेअर फाइल वेगळी असते. डेबियन ११ पर्यंत इन्स्टॉलर तिथे अडून बसायचा, २०२३ मध्ये डेबियन १२ आल्यापासून ती फाइल सोबतच येते.

ओळच नसेल तर चिप बसवर (बोर्डावरचे भाग एकमेकांशी बोलतात तो मार्ग) उत्तरच देत नाहीये. मग ड्रायव्हर डाउनलोड करणं, उबंटू पुन्हा टाकणं यात वेळ घालवू नका. अशा वेळी आधी बोर्डातली शिल्लक वीज काढा. सर्व्हर बंद करा, पॉवरच्या सगळ्या केबल ओढा, लॅनच्याही काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, दहा मिनिटं तसाच सोडा. सर्व्हर 'बंद' असला तरी एसएमपीएस ५ व्होल्टची स्टँडबाय लाइन चालूच ठेवतो आणि लॅनचं चिप त्यावर जागं असतं. त्यामुळे अडकलेलं चिप नुसत्या रीस्टार्टने पुष्कळदा सुटत नाही.

तेही करून झालं की बायोसमध्ये ऑनबोर्ड लॅन चालू आहे का आणि त्याच्यासमोर मॅक ॲड्रेस दिसतो का ते बघा. नुसतं 'एनेबल्ड' लिहिलेलं पुरेसं नाही.

(ब्रँडेड सर्व्हरवाल्यांसाठी: डेलचे आर७२०, आर७३०, एचपीचे जेन ८, जेन ९ यांत आपण ज्याला ऑनबोर्ड म्हणतो ते पुष्कळदा छोटं वेगळं कार्ड असतं, बोर्डावर खोचलेलं. ते काढून पुन्हा बसवलं की कधीकधी काम होतं. धागाकर्त्यांच्या बोर्डावर चिप सोल्डर केलेलं आहे, त्यांना हा मार्ग नाही.)

विंडोजवाला

माझ्याकडे अगदी असंच झालं होतं, विंडोज सर्व्हर टाकल्यावर. बोर्डावर आय२१९-व्ही होतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह यायचं आणि इंटेलचा इन्स्टॉलर म्हणायचा की कार्डच सापडत नाही. शेवटी हाताने 'आय२१९-एलएम' चा ड्रायव्हर निवडून दिला.

डीसी_रात्रपाळी

विंडोजवाला, तुमचं कार्ड दिसत होतं, पिवळं चिन्ह हाच त्याचा पुरावा. ते घरगुती वर्गातलं चिप आहे, सर्व्हरच्या विंडोजसाठीच्या ड्रायव्हर फाइलमध्ये इंटेलने त्याचं नाव घातलेलं नसतं, म्हणून इन्स्टॉलर 'नाही' म्हणतो. यांच्याकडे बहुतेक वेगळं आहे. उत्तर येऊ द्या.

कळमनावाला

सगळं करून पाहिलं.

एलएसपीसीआयमध्ये इथरनेटची एकही ओळ नाही. पॉवर काढून, बटण दाबून, चहा पिऊन आलो, तरी नाही. बायोसमध्ये ऑनबोर्ड लॅन 'एनेबल्ड' आहे, पण मॅक ॲड्रेस कुठेच दिसत नाही. आयपीएमआयच्या वेगळ्या पोर्टला केबल लावली तर त्याचं वेब पेज मात्र उघडते.

दरम्यान बर्डीच्या बाजारातून एक पीसीआयई लॅन कार्ड आणून लावलं. रिअलटेक आहे, १०ईसी:८१६८. ते लगेच ओळखलं गेलं. स्टॉक दिसतो, बिल निघत नाही.

नवाभिडू

रूट होऊन पीसीआय रिस्कॅन करून बघा, सिस फोल्डरमधल्या रिस्कॅन फाइलमध्ये १ लिहायचा. नाहीतर जुन्या कर्नलने बूट करा, मागच्या अपडेटमध्ये ड्रायव्हर गेला असेल.

डीसी_रात्रपाळी

रिस्कॅन करायला हरकत नाही, फुकट आहे. कर्नलचं मात्र पटत नाही. एलएसपीसीआय बसवर कोण हजर आहे ते वाचतं, ड्रायव्हर असो वा नसो. ड्रायव्हर गेला असता तर कार्डाची ओळ राहिली असती आणि 'ड्रायव्हर इन यूज' तेवढं कोरं आलं असतं.

कळमनावाला, आयपीएमआय चालतंय यावरून ऑनबोर्ड लॅन ठीक असल्याचं सिद्ध होत नाही. त्याचा पोर्ट वेगळा आणि त्यामागचं बीएमसीचं (आयपीएमआय चालवणारं) चिपही वेगळं. पण एक उपयोग होईल. सुपरमायक्रोमध्ये आयपीएमआयचा मोड बहुधा 'फेलओव्हर' वर असतो. म्हणजे सर्व्हरला वीज मिळते त्या क्षणी वेगळ्या पोर्टला केबल नसेल तर बीएमसी लॅन १ मधून बाहेर पडायला बघतो. पॉवर काढा, आयपीएमआयची केबल काढून लॅन १ ला लावा, पॉवर द्या. बटण दाबायचं नाही. पोर्टचा लाइट लागला, आयपीएमआयचं पेज उघडलं, तर चिपमध्ये धुगधुगी आहे असं समजा.

काळीमाती

माझं काम इलेक्ट्रिकलचं आहे, हिंगणा एमआयडीसीत. सर्व्हरमधलं फार कळत नाही, पण वीज पडल्यावर काय काय जातं ते रोज बघतो.

विजेचा झटका पॉवरमधून येण्यापेक्षा लॅनच्या केबलमधून आलेला मी जास्त बघितलाय. एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत तांब्याची केबल गच्चीवरून नेलेली असते आणि दोन्हीकडचं अर्थिंग वेगळं. जवळपास वीज पडली की दोन अर्थमधला फरक त्या केबलवर येऊन बसतो. लॅन पोर्टमध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, तो १५०० व्होल्टपर्यंत अडवतो, त्यापुढे त्याचा नाइलाज आहे.

तर प्रश्न असे. गोदामात केबल कशी गेली आहे? स्विचचे पोर्ट गेले का? त्याच स्विचवरचे बाकीचे संगणक, प्रिंटर, कॅमेऱ्याचा डीव्हीआर शाबूत आहेत का? आणि न्यूट्रल-अर्थमध्ये मीटर लावून बघा, दोन-तीन व्होल्टच्या आत असावं. आपली काळी माती मे महिन्यात सुकून भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डा नावालाच उरतो. पावसाळ्यात सगळं ठीक आणि उन्हाळ्यात मशिनं जळतात याचं कारण बऱ्याच ठिकाणी एवढंच असतं. खड्ड्यात पाणी कधी टाकलं होतं?

कळमनावाला

रिस्कॅन केलं, काही नाही. लॅन १ ला केबल लावून नुसती पॉवर दिली, लाइट नाही, पेज नाही.

काळीमाती भाऊ, गोदामात केबल गच्चीवरूनच गेली आहे, पाइपातून. स्विच चांगला आहे, सगळे पोर्ट चालतात. प्रिंटर, डीव्हीआर, बाकीचे दोन्ही संगणक शाबूत. न्यूट्रल-अर्थ नऊ व्होल्ट दाखवून राहिला. खड्ड्यात पाणी... कोणाला आठवत नाही.

काळीमाती

नऊ जास्त आहेत. आजच पाणी टाका, आणि पाऊस लागायच्या आत अर्थिंग नीट करून घ्या, ती सर्व्हरशिवायही गरज आहे.

पण तुमचं उत्तर वाचून माझाच संशय कमी झाला. केबलमधून झटका आला असता तर मधल्या स्विचने आधी राम म्हटला असता. स्विच ठणठणीत आणि फक्त सर्व्हरचं लॅन गेलं, तेही दोन्ही पोर्ट, असं क्वचितच होतं. दोन्ही पोर्टना केबल होती का?

कळमनावाला

नाही. दुसरा रिकामाच असतो.

सदरकर

आतापर्यंत नुसती वाचत होते. एक गोष्ट कोणी विचारली नाही म्हणून विचारते. वादळानंतर आणि आजच्या आधी हा सर्व्हर मध्ये कधी चालू झाला होता का? वादळ शनिवारी रात्रीचं. हार्डवेअरवाला कधी आला?

कळमनावाला

सोमवारी आला. रविवारी मार्केट बंद, ऑफिस बंद. लाइन रविवारी पहाटे आली म्हणतात. सर्व्हर लाइन आली की आपोआप चालू होतो, तशी सेटिंग आहे. तो यूपीएसच्या बॅटरी बदलायला आला होता, सोबत सर्व्हरची धूळ पण ब्लोअरने काढून दिली. त्यानंतर चालू केला तर नेट नाही. वादळानेच गेलं असेल असं तोही म्हणाला, आम्हालाही वाटलं.

सदरकर

मग रविवारी दिवसभर सर्व्हर चालू होता आणि त्याकडे बघायला कोणी नव्हतं. त्या दिवसाचा लॉग सर्व्हरवरच आहे. 'जर्नलसीटीएल --लिस्ट-बूट्स' चालवा, बूटांची यादी येईल. सोमवारचा पहिला बूट शोधा, त्याच्या आधीचा तो रविवारचा. मग 'जर्नलसीटीएल -बी' पुढे त्या बूटचा क्रमांक द्या आणि त्यात 'आयजीबी' शोधा. कार्ड सापडल्याच्या ओळी असतील, आणि केबल जुळली असेल तर 'लिंक इज अप' अशी ओळ, वेगासकट.

बायोसची तारीख मध्ये बिघडली असेल तर यादीत क्रम उलटसुलट दिसू शकतो, घाबरू नका.

कळमनावाला

बाप रे. हे पाहा काय निघालं. रविवारचा बूट आहे. सुरुवातीच्या ओळींवर तारीख भलतीच जुनी आहे. मग आयजीबीच्या ओळी, दोन्ही पोर्टच्या. मग 'लिंक इज अप १००० एमबीपीएस'. आणि थोड्या ओळींनंतर तारीख एकदम बरोबर होऊन जाते.

सदरकर

उत्तम. तारीख बरोबर होते त्याच्या आसपास टाइम-सर्व्हरशी वेळ जुळल्याची ओळ असेल, बघा. ती वेळ इंटरनेटवरून आली, म्हणजे रविवारी तुमचं ऑनबोर्ड लॅन कार्ड स्विच, राउटर सगळं ओलांडून बाहेर जाऊन आलेलं आहे. वादळानंतर. विजेने ते मेलं नाही.

कार्ड गेलं ते सोमवारी, धूळ काढल्यानंतर. आणि सुरुवातीची चुकीची तारीख सांगते की बोर्डावरचा सेल संपलाय, वीज गेली की घड्याळ विसरतं. सोमवारी यूपीएस बदलताना पॉवर पुन्हा काढली असणार, घड्याळ पुन्हा विसरलं असणार, आणि त्याने ते बघितलं असणार. त्याने सेल बदलला का? आणखी काय हलवलं?

वऱ्हाडी_ठेका

आयला, हे तं पोलीस पाटलिनीवानी तपास करून राहिल्या!

कळमनावाला

फोन केला. सेल बदलला म्हणतो. तारीख चुकत होती म्हणून 'बायोस रीसेट करायला जंपर काढून लावला', असं म्हणतो. परत जागेवर लावला का विचारलं तर 'लावला ना' म्हणाला.

डीसी_रात्रपाळी

इथेच आहे तर मग. आधी साइड पॅनल उघडा आणि बोर्डाचा स्वच्छ फोटो टाका, विशेषतः मागच्या पोर्टांपासून पीसीआयईच्या स्लॉटांपर्यंतचा भाग.

का ते सांगतो. घरगुती संगणकाच्या बोर्डावर बायोस पुसायला तीन पिनांचा जंपर असतो, त्यातल्या दोन पिना जोडणारी छोटी टोपी वर बसवलेली. टोपी १-२ वरून २-३ वर न्यायची, थोडं थांबायचं, परत आणायची. हार्डवेअरवाल्या मुलांच्या हाताला ते बसलेलं असतं. सुपरमायक्रोच्या सर्व्हर बोर्डांवर बहुधा तसा जंपर नसतोच. जेबीटी१ लिहिलेल्या दोन उघड्या धातूच्या टिकल्या असतात, पॉवर काढून त्या स्क्रूड्रायव्हरने एकमेकींना टेकवायच्या.

मग त्याने काढला तो जंपर कोणता? तीन पिनांचे जंपर या बोर्डांवर बरेच असतात. जेपीजी१ ऑनबोर्ड डिस्प्लेचा, तो हलला असता तर मॉनिटरवर काही आलं नसतं. जेपीबी१ बीएमसीचा, तो हलला असता तर आयपीएमआय गेलं असतं. जेडब्ल्यूडी१ वॉचडॉगचा. आणि जेपीएल१ लॅनचा. १-२ वर टोपी असेल तर लॅन चालू, २-३ वर असेल तर बंद. काही बोर्डांवर दोन लॅनला जेपीएल१ आणि जेपीएल२ असे दोन वेगळे असतात. तुमचं आय३५० एकाच चिपमध्ये दोन्ही पोर्ट सांभाळतं, म्हणून एकाच जंपरने दोन्ही जातात.

यात चिप हार्डवेअरच्या पातळीवरच बंद होतं. बायोसमधलं 'एनेबल्ड' तसंच राहतं आणि काहीच होत नाही. मॅक नाही, बसवर ओळ नाही, स्टँडबायवरही लाइट नाही. तुमची सगळी लक्षणं.

कळमनावाला

फोटो टाकला आहे. धूळ माफ करा, कोपऱ्यात ब्लोअर पोचला नाही.

डीसी_रात्रपाळी

फोटोत पीसीआयईच्या वरच्या स्लॉटच्या टोकाशी, काळ्या टोपीचा जंपर, शेजारी पांढऱ्या अक्षरांत जेपीएल१ छापलंय. पिन १ कडे बोर्डावर छोटं पांढरं त्रिकोणी चिन्ह आहे. त्या बाजूची पिन उघडी दिसतेय, टोपी दुसऱ्या बाजूला आहे. म्हणजे २-३.

तरी माझ्या डोळ्यांवर जाऊ नका. बोर्डाचं मॉडेल स्लॉटांच्या मधे ठळक छापलेलं असतं, त्याचं मॅन्युअल सुपरमायक्रोच्या साइटवर मिळतं, त्यातला जंपरचा तक्ता बघा. आणि बदलताना पॉवर केबल काढलेली असू द्या, केसच्या उघड्या धातूला एकदा हात लावून मग टोपीला हात लावा. इतक्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज पटकन साठते.

वऱ्हाडी_ठेका

म्हणून मी म्हणतो कूलर ठेवा! कोरडी हवाच नाही राहणार.

कळमनावाला

लाइट लागला!!!

मॅन्युअलमध्ये तेच लिहिलं आहे, १-२ चालू, २-३ बंद. टोपी १-२ वर नेली, पॉवर केबल लावली, बटण दाबायच्या आधीच पोर्टमध्ये हिरवा लाइट. बायोसमध्ये दोन्ही मॅक दिसून राहिले. एलएसपीसीआयमध्ये ८०८६:१५२१ दोनदा. डीसी भाऊ, सदरकर ताई, कसे आभार मानू.

पण एक आहे. केबल रिअलटेकमधून काढून ऑनबोर्डला लावली तर आयपी येत नाही. लाइट आहे, आयपी नाही. आता काय?

सदरकर

'आयपी लिंक' मध्ये नाव काय आलंय आणि नेटप्लॅनच्या (उबंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या) फाइलमध्ये काय लिहिलंय?

कळमनावाला

फाइलमध्ये ईएनपी२एस०एफ० आहे. आता यादीत ईएनपी३एस०एफ० आणि ईएनपी३एस०एफ१ दिसून राहिलं.

सदरकर

मग काळजी नको. मधे रिअलटेक कार्ड खोचलंत, त्याने बसवरचा एक क्रमांक घेतला आणि पुढच्यांचे क्रमांक सरकले. नावातला 'पी' नंतरचा आकडा म्हणजे बसचा क्रमांक, म्हणून पी२ चं पी३ झालं. २०१३ पासून सिस्टमडी अशी जागेवरून नावं देतं. जुन्या ईटीएच०, ईटीएच१ च्या काळात कोणतं कार्ड आधी सापडेल त्यावर नाव ठरायचं आणि रीस्टार्टनंतर अदलाबदल व्हायची, त्यापेक्षा हे बरं. पण नवं कार्ड घातलं की असं होतं. बायोसने ऑनबोर्डचा क्रमांक नीट कळवला असता तर ईएनओ१ असं नाव मिळालं असतं आणि ते हललं नसतं.

रिअलटेक काढलंत तर जुनं नाव बहुधा परत येईल. तरी कायमचं करून टाका. नेटप्लॅनच्या यामल फाइलमध्ये त्या कार्डाखाली 'मॅच' मध्ये मॅक ॲड्रेस द्या आणि 'सेट-नेम' ला तुम्हाला हवं ते नाव. मग कार्ड कुठेही सरको. यामलमध्ये टॅब चालत नाही, स्पेसच. बदल केल्यावर 'नेटप्लॅन अप्लाय' न करता 'नेटप्लॅन ट्राय' करा, १२० सेकंदांत तुम्ही एंटर दाबलं नाही तर ते जुनी सेटिंग परत आणतं. फाइलचं नाव ५०-क्लाउड-इनिट असेल तर वरची टीप वाचा, ती फाइल क्लाउड-इनिट पुन्हा लिहू शकतं. ते बंद कसं करायचं तेही त्याच टिपेत आहे.

कळमनावाला

झालं. आयपी आला, बिलिंग उघडलं, लायसन्स मान्य झालं. पहिली पावती प्रिंट झाली तेव्हा हमालांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या, कारण हातपावतीला त्यांना उन्हात रांगेत उभं राहावं लागत होतं. रिअलटेक कार्ड काढून कपाटात ठेवलं.

हार्डवेअरवाल्याला सांगितलं. म्हणाला, 'अच्छा, तो लॅनचा होता काय.' बोर्डाचं कोटेशन त्याने स्वतःच मागे घेतलं.

नवाभिडू

एक शंका. लायसन्ससाठी रिअलटेक कार्डलाच जुना मॅक ॲड्रेस देता आला असता ना? लिनक्समध्ये एका ओळीत होतं.

डीसी_रात्रपाळी

होतं. काही सॉफ्टवेअर फसतात, काही कार्डाचा कायमचा पत्ता वाचतात, तो 'ईथटूल' ला मोठा पी देऊन तुम्हीही बघू शकता, तो बदललेल्या मॅकने बदलत नाही. शिवाय करारात काय लिहिलंय ते बघायला हवं. कार्ड खरंच मेलं असेल तर सॉफ्टवेअरवाल्याला सरळ मेल टाकून लायसन्स नव्या मॅकवर करून घ्यावं, बहुतेक जण देतात. आणि नवा सर्व्हर घेणाऱ्यांनी खरेदीच्या वेळीच विचारावं की लायसन्स कशाला बांधलंय.

काळीमाती

गच्चीवरची केबल विसरू नका. या वेळी वाचलात. ऑफिस-गोदाम एवढ्या अंतराला फायबर ओढून दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर लावणं आता काही महाग राहिलं नाही, आणि काचेतून विजेचा झटका येत नाही. नऊ व्होल्टचं काय झालं?

कळमनावाला

पाणी टाकल्यावर चारवर आला. मिस्त्रीला सांगितलं आहे, नवा खड्डा करू म्हणतो. फायबरचं मालकाला सांगतो.

डीसी_रात्रपाळी

आता कूलर. वऱ्हाडी_ठेका गंमत करत होते, पण मुद्दा बरोबर आहे. सर्व्हरच्या आत जाणारी हवा १८ ते २७ अंश असावी अशी शिफारस आहे, आणि साध्या सर्व्हरांना ३५ पर्यंत चालतं असं धरतात. नागपुरात मे महिन्यात बाहेर ४५ असताना कूलरची हवा तिथपर्यंत येईलही, पण ती दमट असते आणि आपल्या बोअरच्या पाण्यातला क्षार बारीक तुषारांबरोबर आत येतो. धुळीवर तो बसला की पांढरट थर होतो, रॅमच्या आणि कार्डांच्या सोनेरी पट्ट्यांवरसुद्धा. तुमच्या फोटोत उजव्या कोपऱ्यातल्या धुळीचा रंग बघा. निदान कूलरचं तोंड सर्व्हरवरून फिरवा.

कळमनावाला

फिरवलं. आता अकाउंटंटच्या टेबलावर येते, ते खूश आहेत.

अजनीकर

धागा वाचून हुरूप आला. माझाही असाच प्रश्न. घरच्या सर्व्हरवर ईएसएक्सआय ६.५ (एका मशीनवर अनेक सर्व्हर चालवायचं सॉफ्टवेअर) होतं, ऑनबोर्ड रिअलटेक चालत होतं. ७ टाकायला गेलो तर इन्स्टॉलर म्हणतो नेटवर्क कार्डच नाही. जंपर शोधला, सापडत नाही. कुठे असेल?

डीसी_रात्रपाळी

अजनीकर, जंपर शोधू नका, तुमचं कार्ड ठणठणीत आहे. ६.५ वर चालत होता तो रिअलटेकचा ड्रायव्हर लोकांनी बनवलेला, जुन्या पद्धतीचा. २०२० च्या ईएसएक्सआय ७ मध्ये लिनक्सवरून आणलेले ते जुने ड्रायव्हर चालायचेच बंद झाले. एक आय२१० किंवा आय३५० चं कार्ड घ्या, नाहीतर प्रॉक्समॉक्सचा (त्याच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर) विचार करा. यावर बोलण्यासारखं बरंच आहे, वेगळा धागा काढा, बोर्डाचं मॉडेल लिहा, तिकडे बघू.